चौदा नंबरच्या भट्टीतला मी

मित्रांनो, माझ्याकडे बघून कोणाचे डोळे दिपावेत अशी माझी अंगकाठी नाही. करंगळीएवढा जाड, वीतभरही लांब नाही, दोन्ही टोकांना आटे पाडलेले, आणि आता तर तुटून दोन तुकडे झालेला असा मी पोलादाचा एक जुना दांडा आहे. कोणीही मला खिळा समजून भंगारात टाकेल. पण खिळा निदान भिंतीत आरामात राहतो हो! मी बावीस वर्षं एका भट्टीत उभा टांगलेला होतो. वरून पकडलेला, खालून ओढलेला. एवढ्या काळात एकदाही बाहेर आलो नाही की कूस बदलली नाही. तुरुंगातल्या कैद्याला निदान एक झरोका असतो, माझ्या नशिबी तोही नव्हता.

माझा जन्म जपानमधल्या मुरोरानचा. आमचं अर्धं गाव पोलाद वितळवतं आणि उरलेलं अर्धं गाव पोलाद वितळवणाऱ्यांना जेवू घालतं. त्या गावात कुनिएदा नावाचे एक धातूशास्त्रज्ञ होते. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणजे आपण गुरुजी म्हणतो तसं. वीज केंद्रातली वाफ जितकी जास्त तापवावी तितका कोळसा कमी लागतो, पण तेवढ्या तापलेल्या वाफेत साधं पोलाद हळूहळू ताणत जातं, सैल पडतं आणि एक दिवस फाटतं. सेन्सेईंनी त्यावर आपली पाककृती काढली. लोखंडात बऱ्यापैकी क्रोमियम, जरासं मॉलिब्डेनम आणि अगदी चिमूटभर व्हॅनेडियम नि नायोबियम. एवढ्याशा चिमटीने काय होतं असं वाटेल तुम्हाला. पण त्यातून पोलादाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तयार होतात आणि आतले थर सरकू लागले की ते कण आडवे येतात. "माझे पहारेकरी," असं सेन्सेई त्यांना म्हणत. ती पाककृती जमेपर्यंत त्यांच्या नाकी नऊ आले होते, असं पुढे मी खूप जणांच्या तोंडून ऐकलं.

त्याच ओतणीतून एक लांबलचक जाड पाइप निघाला. त्याचे तुकडे जोडून तो वीज केंद्रात बसवला, तापलेली वाफ वाहून नेण्यासाठी. बसवण्याआधी त्याच्या टोकाचे दोन तुकडे कापून, पाइपाचे सांधे जोडणाऱ्याच कारागिराने ते त्याच हाताने जोडून ठेवले, आणि त्या सांध्यावरून आडवा कापून मला काढलं. म्हणजे पाइप माझा सख्खा थोरला भाऊ. तो गेला समुद्राकाठी नोकरीला आणि मी आलो प्रयोगशाळेत. माझं काम एवढंच, की थोरल्याच्या आधी म्हातारं व्हायचं. त्याच्यापेक्षा जरा जास्त तापायचं, ताण सोसायचा, आणि मी कधी तुटतो त्यावरून थोरला किती टिकेल याचा हिशेब माणसांनी करायचा. मला विचारलं होतं का कोणी? छे! धाकट्यांना कोण विचारतं?

मला भट्टीत बसवलं ते हिसाए त्सुकुदाने. नुकतीच कॉलेजातून आलेली पोरगी. तिने माझ्या अंगाला तापमान सांगणाऱ्या तारा बांधल्या, मला वरच्या नि खालच्या पकडीत पिळून घट्ट केलं आणि भट्टीचं नळकांडं माझ्याभोवती बंद केलं. अंधार झाला. मग हळूहळू तो अंधारच लाल झाला. बाहेर तरफेच्या टोकाला पारडं होतं, त्यात तिने एकेक वजन अलगद ठेवलं. प्रत्येक वजनाला माझ्या जिवाची ओढाताण वाढत गेली. शेवटचं वजन ठेवताना ती हळूच म्हणाली, "माफ कर हं."

हे ऐकू कसं आलं, असं विचाराल. मला धरून ठेवणारा सांगाडा जमिनीत रोवलेला होता. खोलीत कोणी बोललं, चाललं, शिंकलं तरी त्याची थरथर सांगाड्यातून माझ्यापर्यंत यायची. बावीस वर्षं मला जे काही जग मिळालं ते असं, थरथरीतून. चेहरा मी कोणाचाच पाहिला नाही.

सुरुवातीला मी पटकन थोडासा ताणलो. मग आतले पहारेकरी जागे झाले आणि माझं ताणणं जवळजवळ थांबलं. वर्षं जात राहिली. शेजारच्या भट्ट्यांतले दांडे एकेक करून तुटत. "टक्" असा आवाज यायचा, पारडं धाडकन खाली यायचं, भट्टी थंड व्हायची, आणि त्या भाग्यवंताला बाहेर काढायचे. मला त्यांचा किती हेवा वाटायचा म्हणून सांगू! भिंतीवर एक मोठा तक्ता होता. जो तुटला त्याचं त्यावर टिंब पडायचं. माझी जागा कोरी राहिली.

नोव्हेंबरात आमच्याकडे भात्याचा सण असतो. त्या दिवशी लोहार भाता बंद ठेवतात, भट्टी विझवतात, तिला संत्री वाहतात आणि तिचे आभार मानतात. सगळ्या आगींना सुट्टी! फक्त चौदा नंबरला नाही. माझी भट्टी विझली तर प्रयोग वाया गेला असता ना. म्हणून मला सुट्टीऐवजी पूजा मिळायची. भट्टीला गवताचा पवित्र दोर बांधायचे, समोर संत्री ठेवायचे, आणि कुनिएदा सेन्सेई दोनदा टाळी वाजवून म्हणायचे, "तग धर रे बाबा. यंदाही तग धर."

त्यांचं ऐकून मग सगळेच म्हणायला लागले. सफाईवाल्या बाई जाताना म्हणायच्या, "तग धर हं." विभागप्रमुख ओगिनोसान (सान म्हणजे आपलं राव) रोज सकाळी खाकरून म्हणायचे, "काय महाशय, तग धरलाय ना?" जोडलेल्या पोलादात इतकी वर्षं टिकलेलं दुसरं कोणी नाही, असा माझा बोलबाला झाला. वर्तमानपत्रात भट्टीचा फोटो आला म्हणे. शाळेतली मुलं बघायला यायची. धक्का लागू नये म्हणून त्यांना बूट काढायला लावायचे, आणि ती मोज्यांवर उभी राहून कुजबुजायची, "तग धर! तग धर!" एकदा एका मुलाला शिंक आली तर शाळेच्या बाई त्याच्यावर असल्या खेकसल्या, की शिंकेपेक्षा त्यांच्या ओरडण्यानेच मी जास्त हादरलो.

माया होती त्यांची, मी नाही म्हणत नाही. पण मित्रांनो, जो टांगलेला आहे त्याला येणारा जाणारा 'तग धर' म्हणतो, तेव्हा त्याला कसं वाटतं माहीत आहे? वाटतं, की आता आपल्याला तुटायचीसुद्धा चोरी झाली.

हिसाए तेवढी तसं म्हणायची नाही. ती यायची, माझं ताणणं मोजणाऱ्या काट्यापुढे थांबायची, बघायची, जायची. कधीकधी तिचा धाकटा भाऊ गेंता यायचा. तो त्याच वीज केंद्रात कामाला लागला होता, जिथे थोरला होता. मोठ्या आवाजाचा, थट्टेखोर. भट्टीवर टकटक करून म्हणायचा, "काय गं ताई, तुझा कैदी जिवंत आहे का अजून?"

"हात लावू नकोस तिथे! किती वेळा सांगायचं?"

"बरं बाई. याच्या थोरल्याचा निरोप आणलाय फक्त. मजेत आहे तो. थंडीत आम्ही सगळे त्याच्याखालीच डबे उघडतो. काय ऊब असते म्हणून सांगू! बाहेर कमरेएवढा बर्फ आणि आम्ही आपले बाह्या वर करून भात खातोय."

थोरल्याची खुशाली ऐकून मला बरं वाटायचं. त्याच्या पोटातून वाफ धावते, त्याच्या उबेला माणसं बसतात. त्याचंही आयुष्य अडकलेलंच, पण निदान कोणाच्या तरी सोबतीला.

आणि मग माझ्या आत काहीतरी बिघडायला लागलं.

नीट सांगतो, कारण हीच माझ्या गोष्टीतली मुख्य गोष्ट आहे. सांधा जोडताना जी आग द्यावी लागते, तिने सांध्याच्या कडेची एक बारीक पट्टी भाजून निघते. तिथली पहारेकऱ्यांची घडी विस्कटते. बाकीच्या अंगात पहारेकरी जोमात होते, पण त्या पट्टीतले मोठे कण बारक्यांना गिळत सुटले. थर सरकू लागले. मग अगदी इवली इवली भोकं पडायला लागली, आतल्या आत. बाहेरून मी गुळगुळीत. आतून पोखरलेला. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तोंड कुठे होतं मला? मला एकच बोलता येत होतं, ते म्हणजे जरा भरभर ताणायचं.

काटा हलू लागला. हिसाएने तो पाहिला. ती धावत ओगिनोसानांकडे गेली.

"ओगिनोसान, चौदा नंबर वेगाने ताणतोय."

"छट्! मापक म्हातारं झालं असेल. त्याचंही वय झालंय, माझ्यासारखं." ते हसले.

मापक बदललं. नव्या मापकाने तेच सांगितलं. तेव्हा ओगिनोसान हसले नाहीत, पण त्यांना एक कल्पना सुचली. चांगुलपणाच्या भरात माणूस काय काय करून बसतो बघा.

"असं करू या," ते म्हणाले. "सेन्सेई आता निवृत्त झालेत. यंदा भात्याच्या सणाला त्यांच्याच हस्ते चौदा नंबरलाही निवृत्त करू. वजन उतरवायचं, भट्टी विझवायची, फुलांचा गुच्छ द्यायचा. इतकी वर्षं न तुटता सेवा केली बिचाऱ्याने! भर कचेरीत कोसळेपर्यंत कोणाला राबवायचं नसतं हो. मानाने घरी पाठवायचं असतं."

सगळ्यांना ते पटलं. आमच्याकडे माणसांना असंच घरी पाठवतात, गुच्छ देऊन, कमरेत वाकून, डोळे पुसत. मग दांड्याने काय पाप केलंय?

आणि मला? खरं सांगतो, आनंदाने माझं भान हरपलं. वजन उतरणार! ती ओढ थांबणार! अंगातला लाल अंधार विझणार! इतक्या वर्षांत मी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पण हिसाए काट्यापुढून हलली नाही. दुसऱ्या दिवशी गेंता आला तेव्हा ती भट्टीशेजारीच त्याच्याशी बोलली.

"गेंता, त्या पाइपाखाली बसत जाऊ नकोस."

"का बुवा?"

"याच्या सांध्यात काहीतरी झालंय. जे याचं तेच त्याचं. तुमच्या साहेबांना मी दोनदा जाऊन सांगितलं, सांध्यांवरचं वेष्टण काढून आतून तपासा म्हणून. ते म्हणतात, तुमचा दांडा तुटलेला नाही ना? मग ऐन हिवाळ्यात केंद्र बंद करून गावाला गारठवू का?"

"बरोबरच बोलले की. आणि ताई, तुझ्या या काडीपायी आता मी बर्फात उभा राहून जेवू?" तो मोठ्याने हसला. ती हसली नाही.

माझा सगळा आनंद त्या क्षणी ओसरला. न तुटलेल्या दांड्याला वजन उतरवून बाहेर काढलं, की तक्त्यावर त्याच्या टिंबाला पुढे एक बाण काढतात. बाणाचा अर्थ, 'हा थांबवला म्हणून थांबला, नाहीतर अजून पुढे गेला असता.' म्हणजे मी सुटणार आणि माझ्या नावाने एक खोटा बाण भिंतीवर राहणार. त्या बाणाच्या भरवशावर लोक थोरल्याला वर्षानुवर्षं हात लावणार नाहीत. आणि त्याच्याखाली बाह्या वर करून भात खाणार कोण? गेंता! जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते इतकी वर्षं टांगून घेऊनही मला त्या दिवशी कळलं.

सणाचा दिवस आला. भट्टीला दोर बांधला, संत्री ठेवली. खोलीत इतकी पावलं आली की सांगाडा गुणगुणू लागला. सेन्सेई आले, त्यांची काठी मी ओळखत होतो. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि वजन उचलायच्या दांडीवर हात ठेवला. तो हात मला थेट जाणवला. म्हातारा, हलका हात.

"सेन्सेई, थांबा." हिसाएचा आवाज.

"अहो त्सुकुदासान, फोटोवाले उभे आहेत," ओगिनोसान दबक्या आवाजात म्हणाले.

"राहू देत उभे. सेन्सेई, आता याला उतरवलंत तर याला बाण लागेल."

"लागेल की," सेन्सेई म्हणाले. "चांगला मानाचा बाण आहे."

"खोटा बाण आहे. हा पुढे जाणार नाहीये. हा तुटायला आलाय, आणि ते सांगायचा प्रयत्न करतोय. आपण त्याचं तोंड फुलांनी बंद करतोय."

 सेन्सेईंचा हात दांडीवर तसाच होता.

"हिसाए," ते सावकाश म्हणाले, आडनाव सोडून पहिल्या नावाने, "हा तुटला तर माझं पोलाद कच्चं ठरेल. माझं सगळं आयुष्य आहे गं यात."

"पोलाद कच्चं नाही ठरणार. कुठे कच्चं आहे ते कळेल. आणि नाही कळलं तर… माझा भाऊ रोज त्या पाइपाखाली डबा खातो, सेन्सेई. ऊब असते म्हणून."

मी वाट पाहत होतो. आणि मित्रांनो, माझी मलाच लाज वाटते सांगायला, तेव्हासुद्धा माझं अर्धं मन म्हणत होतं, उचला ते वजन, सोडवा मला! उरलेलं अर्धं ओरडत होतं, नका, नका! दोन्ही बाजूंनी ओढलं जाणं म्हणजे काय, हे मला शिकवायला नको होतं, पण ही ओढ वजनापेक्षा भारी होती.

दांडीवरचा हात उठला.

"ओगिनो," सेन्सेई म्हणाले, "फोटोवाल्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा." मग काठी टेकत ते भट्टीजवळ आले. दरवर्षीप्रमाणे माझ्याशी बोलायला. मला वाटलं, आता पुन्हा तेच ऐकायचं. पण ते म्हणाले, "दमलास ना रे? फार छळलं तुला. तूट आता. तुला वाटेल तेव्हा तूट. मी रागावणार नाही."

काय वाटलं मला ते सांगता येत नाही. धातू रडत नाही म्हणतात. माझ्या अंगात जिथे जिथे भोकं होती, तिथे तिथे काहीतरी हललं एवढं खरं.

त्यानंतर सेन्सेई रोज यायचे, खुर्ची टाकून भट्टीपाशी बसायचे. बाहेर बर्फ पडू लागला होता. येणाऱ्यांचे बूट आपटायचे त्यावरून मला कळायचं. एका दुपारी, लोक जेवायला गेले असताना, ती भाजलेली पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उसवत गेली. मी तिला अडवलं नाही. टक्! पारडं खाली आपटलं. सेन्सेईंच्या हातातून चहाचा पेला पडला आणि त्यांनी हाक मारली, "हिसाए! बोलला! बोलला तो!"

भट्टी निवल्यावर हिसाएने मला बाहेर काढलं. बावीस वर्षांनी पुन्हा उजेड पाहिला मी. आणि तिलाही. तिच्या केसांत बऱ्याच पांढऱ्या बटा होत्या. ज्या पोरीने मला आत ठेवलं, तिचीही इतकी वर्षं त्या खोलीतच गेली होती, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिने माझी तुटलेली कड भिंगाखाली धरली. ना सांध्यावर, ना मूळ पोलादात; बरोबर त्या कडेच्या पट्टीवर मी तुटलो होतो. माझे दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळून ती तशीच वीज केंद्रात गेली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. आता 'तुटलेला नाही ना' असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

केंद्र बंद झालं. गावाने काही आठवडे दोन दोन स्वेटर घातले आणि यथेच्छ शिव्याही दिल्या. थोरल्याच्या सांध्यांवरचं वेष्टण काढून तपासलं, तेव्हा एका सांध्याच्या कडेला आत चीर सापडली. गेंता जिथे डबा उघडायचा, त्याच्या बरोबर वर. तो सगळा भाग कापून काढून बदलला. आणि सेन्सेई पुन्हा कामाला लागले. त्या पट्टीतही पहारेकरी टिकावेत म्हणून नव्या ओतणीत चिमूटभर काय घालावं, यावर हिसाएशी तासन् तास वाद घालू लागले. तक्त्यावर माझ्या कोऱ्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने टिंब काढलं. बिनबाणाचं, नुसतं टिंब. मला त्याचा फार अभिमान आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी असेल, सगळं घर ज्याच्या जिवावर टांगलेलं आहे आणि जो बाहेरून अगदी गुळगुळीत दिसतो. त्याला नुसतं 'तग धर' म्हणू नका. गुच्छ देऊन गप्पही करू नका. त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसा आणि त्याचा काटा जरा भरभर हलतोय का, ते बघा. तो तुटेपर्यंत थांबू नका. माझ्यासाठी थांबावं लागलं, कारण मला दुसरी भाषा येत नव्हती. त्याला येते. त्याला विचारा.

फेब्रुवारीत आमच्याकडे मोडलेल्या सुयांचे आभार मानतात. वर्षभर जाड कापडातून घुसून दमलेल्या सुया देवळात नेऊन मऊ टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, खोचायच्या, म्हणजे त्यांना शेवटी तरी काहीतरी मऊ लाभतं. यंदा त्या सुयांच्या रांगेत हिसाए आणि गेंता मलाही घेऊन गेले. तिने माझा एक तुकडा टोफूत हळूच खोचला. दुसरा गेंताने खोचला, आणि तो थट्टेखोर पोरगा कमरेत वाकून उभा राहिला. टोफू गार होता, ओला होता. वरून कोणी धरलं नव्हतं आणि खालून कोणी ओढत नव्हतं.

"माफ कर हं," हिसाए म्हणाली.

केलं गं बाई. केव्हाच केलं.